जुन्या मोटारीस नव्या कमानी

आमचा एक भाचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं मिशिगन येथें असतो. गेल्या श्रावणांत त्याच्या घरून आम्हांस दोन पत्रें आलीं; एक त्याचें, दुसरें भाचेसुनेचें. विषय एकच. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं आपली १९६७ सालची शेव्हरोलेट कॅमेरो मोटार भाच्यास विकली, व विकतांना ‘हिला बिघडवूं नका’ एवढेंच मागणें मागितलें. भाच्यास आतां तिच्या चाकांवरची सारी रचना बदलावयाची आहे. पण म्हाताऱ्याचा शब्द आड येतो. सूनबाई लिहितात, पावसांत एका खडबडीत वळणावर गाडीची शेपूट अशी सरकली कीं, हिचा बंदोबस्त होईपर्यंत मी मुलीस घेऊन तींत पाऊल ठेवणार नाहीं. निवाडा आमच्याकडे.

ज्या वाचकांस या जातीच्या गाड्यांचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. १९६४ च्या सुमारास पॉन्टियाकवाल्यांनीं मध्यम आकाराच्या गाडींत मोठें इंजिन घालून जीटीओ नांवाची मोटार काढली. तेव्हांपासून तिकडे या दांडगट मोटारींची लाट आली. त्यांस ‘मसल कार’ म्हणतात. आपण पैलवान गाड्या म्हणूं. फोर्डची मस्टँगही १९६४ चीच, आणि तिला उत्तर म्हणून सप्टेंबर १९६६ मध्यें कॅमेरो बाजारांत आली. भाच्याच्या गाडीचें इंजिन ३५० घनइंचांचें, म्हणजे ५.७ लिटरचें असून त्याची शक्ति २९५ अश्वबळ सांगितलेली आहे. छाती पैलवानाची खरी. पायांची मात्र तशी गोष्ट नाहीं.

मागच्या अॅक्सलला दोन्ही बाजूंस एकेक कमान, आणि त्या कमानींत पाटा एकच! आपल्याकडच्या मालमोटारीखालीं वांकून पाहिलें तर पाट्यावर पाटा रचलेला दिसतो. येथें एकट्या पाट्यानें गाडीचें वजनही पेलावयाचें आणि इंजिनाचा झटकाही सोसावयाचा. जोरानें वेग दिला कीं तो मुरडतो, सुटतो, पुन्हां मुरडतो, व मागचीं चाकें रस्त्यावर थयथय नाचतात. कारखान्यास हें लवकरच कळलें. कांहीं जोरकस गाड्यांस त्यांनीं त्याच वर्षीं उजव्या बाजूस एक आधारदांडी जोडली. १९६८ च्या गाडींत मागचे दोन शॉकअब्सॉर्बर, एक अॅक्सलच्या पुढें व एक मागें असे बसविले आणि जोरकस प्रकारांस अनेक पाट्यांच्या कमानी दिल्या. ‘मूळ तें पवित्र’ म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. खुद्द कर्त्यानेंच वर्षाच्या आंत आपली चूक दुरुस्त केली होती.

पुढच्या चाकांचें प्रकरण अधिक बारीक आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते. त्या वेळीं बाहेरच्या चाकाचा माथा आंत ओढला गेला तर टायरचा पूर्ण तळवा जमिनीस टेकून राहतो. या गाडींत वरच्या-खालच्या भुजांची मांडणी अशी आहे कीं, माथा उलट बाहेर जातो आणि पावलाच्या कडेवर चालणाऱ्या माणसासारखा टायर कडेवर उभा राहतो. मग तेथील इंजिनियर अडाणी होते काय? मुळींच नाहीं. तेव्हांचे टायर तिरप्या धाग्यांचे व मऊ कडांचे. आणि सामान्य चालकाच्या हातीं वळणावर गिरकी घेणारी गाडी देण्यापेक्षां नाकासमोर बाहेर सरकणारी बरी, असा त्या काळचा हिशेब. आज भाच्याच्या गाडीवर रेडियल टायर आहेत. त्यांची पकड मोठी, पण पाऊल सपाट पडेल तरच.

याला उपाय आहे, व तो विकत मिळतो. नळीची नवी वरची भुजा आणि अधिक उंचीचा बॉल जॉइंट बसविला कीं चाकाचा माथा वळणावर आंत येऊं लागतो. त्याच भुजेनें चाक वळण्याचा आंस किंचित् मागें कलवितां येतो. सायकलचा पुढचा चिमटा कललेला असतो म्हणून हात सैल सोडला तरी हँडल सरळ होऊं पाहतें, तोच हा प्रकार.

पुष्कळ तरुण हें सोडून प्रथम कडक स्प्रिंगा घेतात व गाडी दोन इंच खालीं बसवितात. दिसते झोकदार, मांडणी चुकली ती चुकलेलीच राहते आणि वर कंबर दुखूं लागते! रबराच्या बुशांऐवजीं कठीण पॉलियुरेथेनचे बुश घालण्याची टूमही अशीच. चाक जागच्या जागीं राहतें खरें, पण रस्त्याचा प्रत्येक खडा मणक्याला कळतो, आणि वंगण आटलें कीं कुरकुर सुरू. ज्या गाडींत बायकामुलें बसणार तींत बहुतेक ठिकाणीं रबरच असावें, असें आमचें मत आहे.

आतां म्हाताऱ्याचा शब्द. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं काळ्या दगडावर तैलरंग फासणाऱ्यांचा समाचार आम्हीं या पानावर घेतलेला वाचकांस आठवत असेल. तेव्हां भाच्यास लिहिलें कीं, जें पान्यानें निघतें व पान्यानेंच परत बसतें तें खुशाल बदल. करवत आणि वेल्डिंग वर्ज्य. मागें नव्या तऱ्हेच्या दांड्या बसविण्याचे संच उत्तम चालतात, परंतु त्यांपैकीं कित्येकांसाठीं गाडीचा तळ कापावा लागतो. ते आम्हीं बाद केले. अनेक पाट्यांच्या कमानी, चांगले शॉकअब्सॉर्बर, पुढें वरच्या भुजा व जरा जाड आडवी दांडी, एवढ्यावर भागवावें; आणि काढलेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी बांधून ठेवावा.

काम दिवाळीपूर्वीं झालें. दोन्ही जुने पाटे गोणपाटांत गुंडाळून तळघरांत ठेवले आहेत. वृद्ध गृहस्थांस ते आधीं दाखविले, मग गाडीची किल्ली त्यांच्याच हातीं दिली. ते एकटेच गाडी घेऊन गेले व पाऊण तासानें परतले. उतरल्यावर त्यांनीं पुढच्या चाकाशीं वांकून बराच वेळ पाहिलें आणि, ही भुजा माझ्या तरुणपणीं कां मिळत नव्हती, असें विचारलें.

सूनबाई एकदां बसून आल्या. वळण बरें घेते म्हणतात. मात्र पुढच्या चाकांस अजून जुने ड्रम ब्रेकच आहेत, तेथें डिस्क बसेपर्यंत मुलगी घरींच राहील, असें त्यांनीं कळविलें आहे. आम्हीं भाच्यास उलट टपालीं लिहिलें कीं, यांत आमचा निवाडा मागूं नये. तो त्यांनीं दिलेला आहे.