आधी भाकर खा, मग बोलू

प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की कॅन्टीनमधलं बोलणंच बदलून जातं. 'काय खाणार?'च्या जागी 'पॅकेज किती?' येतं. ज्यांचं झालंय ते हळू आवाजात आकडा सांगतात, ज्यांचं नाही झालं ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. आणि दोन्हीकडे एक जण असा असतोच, जो रात्री दोन वाजता मित्राला मेसेज करतो, 'यार, कशातच मन लागत नाहीये. खूप थकल्यासारखं होतंय. आणि गंमत म्हणजे अजून तर मी काही केलेलंही नाही.'

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी हा मेसेज पाठवलाय? मी पाठवलाय. दोनदा.

काही न करताच आलेला हा थकवा येतो कुठून? माझं वय बावीस. पाठीवर ना पोतं वाहिलं, ना शेतात उन्हात राबले. तरी इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. त्यावर मिळालेले सल्ले तुम्हालाही पाठ असतील. 'तुझी पॅशन शोध.' 'हसल कर, झोप नंतर काढ.' हे सल्ले देणाऱ्यांबद्दल माझा राग नाही, पण त्यांनी थकवा वाढतो हे माझं ठाम मत आहे. कारण दोन्हींचा अर्थ एकच, की तू कोण आहेस हे तुझ्या कामातून सिद्ध कर. मग प्रत्येक असाइनमेंट, प्रत्येक रील, प्रत्येक इंटरव्ह्यू ही आपल्याच लायकीची परीक्षा होऊन बसते. रोज परीक्षा असेल तर माणूस थकणार नाही तर काय?

आता थोडं घरचं सांगते. मी नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातली. (कागदावर अहिल्यानगर, तोंडात नगरच.) रविवारी उपासना, त्याआधी संडे स्कूल, नाताळात करंज्या आणि चकल्या, असं आमचं लहानपण. हे पान सगळ्यांचं आहे, त्यामुळे कुणी काय मानावं हे सांगायला मी आलेले नाही. पण कामाबद्दल आमच्या घरात जे ऐकलं ते मला या वर्षी पहिल्यांदा नीट कळलं. ते तुमच्यासमोर ठेवते. पटलं तर घ्या.

संडे स्कूलमधली माझी आवडती गोष्ट एलीया संदेष्ट्याची. तीही आजीच्या तोंडून. कर्मेल डोंगरावर एलीयानं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं, सगळ्या लोकांसमोर जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी राणीच्या धमकीनं जीव घेऊन रानात पळाला. एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, बस झालं, आता मला मरू दे. लहानपणी वाटायचं, आता देव याला चांगला झापणार. पण तसं होत नाही. देवदूत येतो आणि त्याला जागं करून म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं मडकं. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. मग पुन्हा उठवतो आणि पुन्हा जेवायला लावतो. भाषण नाही, मोटिव्हेशन नाही, 'तुझ्या वयात बाकीचे काय काय करतात' नाही. प्रश्न विचारला जातो तो नंतर, लांबचा प्रवास करून तो होरेब डोंगरावर पोचल्यावर. तिथं त्याला पुढचं काम मिळतं, सोबतीला अलीशा नावाचा माणूस मिळतो आणि तू एकटा उरलेला नाहीस हेही कळतं.

आजी ही गोष्ट सांगून झाली की म्हणायची, 'बघ, आधी भाकर खा, मग बोलू.' नर्स होती ती. एका मिशन हॉस्पिटलमध्ये चौतीस वर्षं नोकरी केली. रडत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनाही तिचा पहिला प्रश्न 'जेवलात का?' हाच असायचा.

दुसरी गोष्ट येशूची. तुम्ही म्हणाल चमत्कार, प्रवचनं, क्रूस. त्याच्याही आधीची. वयाच्या तिशीपर्यंत हा माणूस नासरेथमध्ये सुतारकाम करत होता. गावकरी त्याला सुतार म्हणूनच ओळखायचे. मग तो यार्देन नदीवर बाप्तिस्मा घ्यायला गेला आणि शुभवर्तमानं सांगतात की तेव्हा आकाशातून आवाज आला, हा माझा लाडका मुलगा आहे आणि मी याच्यावर खूश आहे. तोवर एकही आजारी बरा केलेला नाही. एकही प्रवचन नाही. एक शिष्य नाही. सीव्ही कोरा म्हणा ना. पसंती आधी आणि काम नंतर, असा तो क्रम आहे. आपल्याकडे उलटं चालतं. आधी मार्क दाखव, मग जवळ घेतो.

ख्रिस्ती विचारातली कामाची ताकद मला या क्रमात दिसते. आपल्याला आधीच स्वीकारलंय यावर ज्याचा विश्वास बसतो, त्याला काम करून स्वतःला सिद्ध करावं लागत नाही. मग काम नुसतं काम उरतं, आणि नजर स्वतःवरून उठून समोरच्या माणसाकडे जाते. हे मला प्रवचनातून कळलेलं नाही, निधन वार्तेतून कळलं.

इंटर्नला पेपरात काय काम देतात, याबद्दल तुमच्या मनात काही कल्पना असतील तर त्या सोडून द्या. मला निधन वार्ता दिल्या होत्या. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर, कधी वेडावाकडा टाइप केलेला, कधी कागदाचा अंधुक फोटो. नाव, वय, मागे कोण कोण, अंत्यविधी कुठे. चार ओळी. मला मोठ्या स्टोरी करायच्या होत्या, त्यामुळे हे काम मी कानात इयरफोन घालून, कसंबसं उरकत होते.

एक दिवस दुपारी एक काका ऑफिसात आले. हातात घडी घातलेला पेपर. त्यांच्या आईची बातमी आदल्या दिवशीच्या अंकात होती आणि आडनावातला एक काना माझ्या हातून गळला होता. एका कान्यानं आडनाव पारच बदललं होतं. काका ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, 'ताई, आईचं नाव आयुष्यात पहिल्यांदा पेपरात आलं. तेही दुसऱ्याचंच.'

दोन ओळींची दुरुस्ती छापून आली. ती कुणी वाचली असेल, कोण जाणे.

त्या रात्री मला माझं काम पहिल्यांदा दिसलं. त्या चार ओळींच्या पलीकडे एक अख्खं घर होतं. सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथरनं एक जुना समज मोडला होता. तोवर देवाचं बोलावणं फक्त पाद्री, साधू आणि जोगिणींना येतं असं मानलं जायचं. ल्यूथर म्हणाला, गाईची धार काढणारीलाही तेच बोलावणं आहे, बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापालाही. कारण शेजाऱ्याला दूध लागतं आणि बाळाला कोरडा लंगोट लागतो. माझ्या केसमध्ये एका माणसाला एक काना हवा होता, इतकंच.

इथं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की समजा आपण जीव ओतून काम केलं आणि ते कुणाच्या कामीच आलं नाही तर?

नगरहून पुण्याला रेल्वेनं येताना दौंड सोडलं की केडगाव स्टेशन लागतं. (आमच्या नगरलगतचं केडगाव ते वेगळं.) इथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंवर शाळेत आपण एक धडा वाचतो आणि विसरतो. मीही विसरले होते. या वर्षी पुन्हा वाचलं. संस्कृतवरच्या प्रभुत्वामुळे कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं ती ही बाई. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका सोबत आणल्या आणि त्यांच्यासाठी केडगावला वस्ती उभी केली. शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखानासुद्धा.

या छापखान्यापाशी मी जास्त वेळ थांबले. आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षं रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, थेट हिब्रू आणि ग्रीकमधून. त्या भाषा त्यांनी त्यासाठी शिकून घेतल्या. आणि त्यांचा आग्रह काय, तर मराठी इतकी सोपी हवी की खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला ती कळावी. जिच्या जिभेवर संस्कृत नाचायचं ती पंडिता अठरा वर्षं अवघड शब्द बाजूला काढत बसली होती! छापखान्यात मुक्तीतल्या बायका काम करायच्या, टाइपही त्याच जुळवायच्या. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आईच्या मागे संस्था जिनं चालवायची, तीच. रमाबाईंनी प्रुफं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा ते काम नुकतंच संपलं होतं.

आणि आज? बहुतेक मराठी मंडळ्यांमध्ये वाचलं जातं ते भाषांतर रमाबाईंचं नाही. आमच्या घरात जे आहे तेही नाही. अठरा वर्षांचं काम, आणि रविवारी ते फारसं कुणाच्या हातात नसतं.

हे वाचून मला आधी वाईट वाटलं. नंतर टाइप जुळवणाऱ्या त्या बायका आठवल्या. ज्यांना घरानं, गावानं, दुष्काळानं टाकून दिलं होतं त्यांनी शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षरं लावली. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव मला माहीत नाही. ते काम वाया गेलं, असं त्यांना कुणी म्हणून बघावं. आपण व्ह्यूज मोजतो तसं मोजलं तर रमाबाईंचा शेवटचा प्रोजेक्ट फेल आहे. मला तो फेल वाटत नाही, आणि का वाटत नाही हे मी अजूनही पूर्णपणे सांगू शकत नाही.

आता एक इशारा, कारण अशा लेखांचा गैरवापर होतो. 'काम म्हणजे सेवा' हे वाक्य बोलणारा माणूस तुम्हाला पगार देणारा असेल तर सावध राहा. सहा महिने फुकट राबवून 'लर्निंग मिळतंय ना' म्हणणारे सगळ्या क्षेत्रांत आहेत, धर्माच्या नावानं चालणाऱ्या संस्थांतही आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात तर स्पष्टच आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. स्टायपेंड मागताना लाजू नका.

आणि सुट्टीही मागा. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव सहाव्या दिवशी माणूस घडवतो आणि सातव्या दिवशी विसावा घेतो. म्हणजे माणसाचा पहिला अख्खा दिवस सुट्टीचा होता, काम त्यानंतर! आपल्याकडे मात्र हा रविवार आयता आलेला नाही. साहेबाला प्रार्थनेसाठी तो मोकळा होता, गिरणी कामगाराला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं १८८४ पासून त्यासाठी अर्ज केले, सभा घेतल्या. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हेही मागणीत होतं. १० जून १८९० ला मुंबईतल्या गिरणी मालकांनी मान्यता दिली. तुमचा-माझा रविवार असा आलाय, चर्चमधून थोडा, जेजुरीतून थोडा आणि गिरणगावातून बराचसा. तो आपण असाइनमेंट आणि स्क्रोलिंगमध्ये घालवतो. मला यात जवळजवळ कृतघ्नपणा वाटतो.

आजीला नर्स म्हणून रविवारीही ड्युटी लागायची. मग ती आठवड्यातला दुसरा एखादा दिवस धरायची, बहुतेक बुधवार, आणि त्याला 'माझा रविवार' म्हणायची. त्या दिवशी हॉस्पिटलचा विषय काढायचा नाही. दुपारी झोप, संध्याकाळी गीतांची वही, रात्री पिठलं-भाकरी. गुरुवारी पहाटे पाचला ती परत तयार. तिला कधी कुणी पॅशन विचारली नाही. विचारली असती तर तिला शब्दही कळला नसता, पण वॉर्डातल्या वीस खाटांवर कोण कोण आहे हे ती झोपेतही सांगायची.

इंटर्नशिप संपायला अजून तीन आठवडे आहेत. मोठी स्टोरी मिळालेली नाही. थकवा अजूनही येतो, फक्त आता तो संध्याकाळी येतो, सकाळी नाही. निधन वार्ता अजून माझ्याकडेच आहेत. इयरफोन काढून ठेवते आणि प्रत्येक नाव एकदा मोठ्यानं वाचते. शेजारचा सब-एडिटर हसतो, हसू दे.

आज सात नावं आली आहेत. एका आडनावाची खात्री नाही. घरच्यांचा नंबर आहे, फोन लावते.