रबर अधिक स्थितिस्थापक की पोलाद?

"रबर", असे उत्तर आपणांपैकी बहुतेकांनी एकदा तरी दिले असेल. रबर पुष्कळ ताणले जाते, हे खरे. परंतु शास्त्र निराळेच विचारते. तारेस लावलेल्या भाराला तिच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागले म्हणजे प्रतिबल मिळते. वाढलेल्या लांबीला मूळ लांबीने भागले म्हणजे विकृती. प्रतिबलास विकृतीने भागून येणारा यंगचा गुणांक हे ताठपणाचे माप होय. या मापाने पोलाद पितळेच्या सुमारे दुप्पट ताठ ठरते आणि रबर कितीतरी मागे पडते.

आमच्या उज्जयिनीच्या वेधशाळेचा धडाही याच्या जवळचाच आहे. पितळी यंत्रे लहान असतात, त्यांचे आस झिजतात व ती डळमळतात, हे पाहून सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात दगडचुन्याची अचल यंत्रे उभारली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला. यंत्र डळमळले की वेध चुकलाच!

केवळ पाठ केलेली व्याख्याही अशीच डळमळते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, सूत्र घोकण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत तार टांगून, वजने चढवून तिची वाढ स्वतः मोजावी. एक मीटर लांब, अर्धा मिलिमीटर व्यासाची पोलादी तार एक किलोग्रॅम वजनाने जेमतेम पाव मिलिमीटर वाढते. नुसत्या नजरेस ती वाढ जाणवत नाही. व्हर्नियर मात्र ती दाखवितो. ती एकदा स्वतः मोजली, म्हणजे वरील प्रश्नाचे उत्तर पुन्हा चुकणार नाही.