सुट्टीतील साधना

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला यंदा कोणत्या क्लासला घालायचे? भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र याच दोन महिन्यांत एक वेगळी वाट खुली असते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या राष्ट्रीय संस्था आणि देशातील विज्ञान अकादमी निवडक विद्यार्थ्यांना संशोधकांच्या हाताखाली काम करण्याची संधी देतात, विद्यावेतनही देतात. तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत ही वार्ता क्वचितच पोहोचते. पोहोचली तरी 'याने नोकरी लागेल का?' या प्रश्नापाशी अडते.

परिचयातील एक विद्यार्थी असाच एक उन्हाळा जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवर काम करून आला. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेली आहे. आपण काही नवे शोधू, अशा उमेदीने तो गेला. प्रत्यक्षात कित्येक दिवस विजेच्या तारा आणि मोबाईल यांचा गोंगाट नोंदींतून वेगळा काढण्यातच गेले. अखेरच्या आठवड्यात एका पल्सारची स्पंदने दिसली, तीही जगाला आधीच ठाऊक असलेल्या. वडिलांनी विचारले, "मग नवीन काय केलेस?" तो म्हणाला, "बाबा, चूक कुठे झाली ते स्वतः शोधायला शिकलो." तयार उत्तरे पाठ करणाऱ्या पिढीत हे उत्तर लाखमोलाचे आहे.

विज्ञानाची परंपरा अशीच सहवासातून चालते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली घडलेले के. एस. कृष्णन पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. तेथे १९५० साली त्यांच्या मार्गदर्शनाखाली आलेला तरुण म्हणजे गोविंद स्वरूप. १९६३ साली ते अमेरिकेतून मायदेशी परतले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या छोट्या तबकड्या त्यांनी १९६५ साली कल्याणजवळ उभ्या केल्या, पुढे उटीची आणि मग खोडदची दुर्बीण साकारली. ताणलेल्या तारांच्या जाळीची खोडदची हलकी, अल्पखर्ची रचना स्वदेशी प्रतिभेचा उत्तम नमुना आहे.

आर्यभट आणि भास्कराचार्य यांचा गौरव आपण व्यासपीठांवरून करतो आणि तो करावाच. परंतु वारसा केवळ गौरवाने टिकत नाही. त्यासाठी कुणाला तरी रात्र रात्र जागून नोंदी तपासाव्या लागतात. भास्कराचार्यांच्या देशातील मुलगा केवळ माहितीअभावी किंवा शहरात राहण्याची सोय नाही म्हणून प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोहोचू नये, ही आपल्या सर्वांच्या लाजेची गोष्ट होय.

शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या हाती जे आहे ते करावे. या योजनांचे अर्ज बहुधा हिवाळ्यातच मागविले जातात. प्राध्यापक कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर आपल्या गावातील महाविद्यालयात ही माहिती द्यावी, अर्ज भरण्यास साहाय्य करावे. पुण्या-मुंबईतील कुटुंबांनी बाहेरगावच्या एका विद्यार्थ्याला दोन महिने आपल्या घरी ठेवून घ्यावे. माधुकरीवर विद्वान घडविणाऱ्या समाजाला हे अवघड नाही. राष्ट्रकार्य म्हणतात ते याहून निराळे काय असते?