डुकराला कोणतं काडतूस?

टेक्सासला ऑनसाइट होतो तेव्हा टीममधला एक जण दर शनिवारी कोयोट मारायला जायचा. कोयोट म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ, वजन फार तर पंधरा-वीस किलो. तिकडे त्याला बंदीचा मोसम नाही, वर्षभर मारा. सोमवारी कॉफी पिताना हा बाबा माझं डोकं खायचा. .२२३ मध्ये ५५ ग्रेनची गोळी बरी (म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम) की ४० ची? हलकी गोळी आत जाऊन फुटते, त्यामुळे कातडं फाटत नाही आणि जनावरातून आरपार जाऊन शेजाऱ्याच्या रानात शिरत नाही. पण वारा असला तर हलकी गोळी वाहवते. असं बरंच काही. मला हसू यायचं. एका कोल्ह्यासाठी एवढा रिसर्च! आम्ही प्रॉडक्शनला कोड टाकताना एवढा विचार करत नाही.

आता हसू येत नाही. गेल्या कार्तिकात माझ्या काकूच्या मांडीला सव्वीस टाके पडले.

आमचं शेत वारंगा फाट्याजवळ. नांदेड-हिंगोली आणि तुळजापूर-नागपूर हे दोन हमरस्ते भेटतात तो फाटा. इसापूरच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाबरोबर डुकरं वाढली, कारण लपायला यापेक्षा चांगली जागा कुठली? रात्री बाहेर पडायचं, सोयाबीन, हळद, हरभरा जे असेल ते उकरायचं आणि उजाडायच्या आत परत उसात. काका निम्मा हंगाम जागलीला असतात. वय बासष्ट.

तर झालं असं. शेजारच्या शिवारातल्या एका परवानेवाल्याने रात्री बॅटरीच्या उजेडात, चाळीसेक पावलांवरून, एका मोठ्या नरावर बारा बोअरचा बार टाकला. काडतूस होतं बीबीचं. डुक्कर ओरडलं आणि उसात गेलं. सकाळी रक्त दिसलं, सगळे खूश. "लागली बरं का, मरंल कुठंतरी." ते मेलं नाही. चौथ्या दिवशी काकू उसाच्या कडेने कापूस वेचत होती, तेव्हा ते बाहेर आलं.

मी इंजिनियर माणूस, कोणाला शिव्या देण्याआधी आकडे बघतो. बीबीच्या काडतुसात सत्तरेक बारीक छर्रे असतात. ते पाखरासाठी, फार तर सशासाठी. वाढलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढालच असते. चाळीस पावलांवरून आलेला बीबीचा छर्रा तिच्यात रुतून बसतो. मारत नाही, सडवतो. एलजीच्या काडतुसात मोजून सहा मोठे छर्रे, एसजीत आठ-नऊ. हे आत जातात, पण पंचवीस-तीस मीटरपर्यंतच. त्यापुढे ते इतके पांगतात की एखादा पोटात आणि बाकीचे मातीत. पोटात लागलेलं डुक्कर दोन-दोन दिवस जगतं. शंभर किलोचं, दुखावलेलं, सुळे असलेलं जनावर, आणि शेजारी बायका कापूस वेचतायत.

बरं, परवानेवाल्याला तरी किती बोलणार? कायदाच बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी कोणती बंदूक, तर ठासणीची! ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी, पण तीही आटे नसलेल्या नळीचीच. म्हणजे माणसं चंद्रावर जायच्या दहा वर्षं आधीचा कायदा, आणि त्यातलं हत्यार त्याच्याही शंभर वर्षं मागचं. ठासणीत लोक काय भरतात हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. दारू अंदाजाने, वर चिंधी, आणि सायकलचे छर्रे. टेक्सासचा तो गडी ग्रेनच्या हिशोबाने भांडायचा, आमच्याकडे मुठीच्या हिशोबाने बार भरतात.

दुसरीकडे १९७२ चा वन्यजीव कायदा. त्याच्या कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणारं डुक्कर किंवा रोही मारायची परवानगी मिळू शकते, आणि २०१५ साली राज्य सरकारने त्यासाठी शासन निर्णयही काढला. कागद मिळतो. काकांना मिळालेला कागद मी स्वतः वाचलाय. काय मारायचं ते आहे, कुठल्या गटात ते आहे. कशाने, किती अंतरावरून, जखमी झालं तर माग काढायचा कोणी, यावर एक ओळ नाही. आमच्याकडे असं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कोणी आणलं तर मॅनेजर तोंडावर फेकेल.

यावर पुण्याचे मित्र म्हणतात, "मारायचंच कशाला?" मित्रांनो, तुम्ही नाही म्हणालात म्हणून डुकरं मरायची थांबत नाहीत. ती कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने मरतात आणि त्या तारेला पहाटे माणूसही चिकटतो. ती कणकेत गुंडाळलेल्या गावठी बॉम्बने मरतात, जबडा उडालेला आणि उपाशी. २०२० च्या मे महिन्यात केरळात पालक्काडला ती गाभण हत्तीण फळात भरलेल्या स्फोटकाने मेली तेव्हा सगळ्या देशाने हळहळ व्यक्त केली. असली फळं तिकडे डुकरांसाठी ठेवतात. डुकराचा जबडा उडतो तेव्हा कोणी मेणबत्ती लावत नाही.

गावातले मित्र म्हणतात, "सरसकट परवाने द्या, आम्ही बघतो." तुम्ही कसं बघता ते काकूने बघितलंय. २०१६ साली बिहारात मोकामाला नेमबाज बोलावून दोनशेवर रोही मारले, त्यावरून केंद्रातले दोन मंत्री जाहीर भांडले. मारावं की मारू नये, एवढंच. कशाने, हा प्रश्न त्या भांडणात मला तरी ऐकू आला नाही.

माझं म्हणणं असं की डुकराला आणि रोह्याला छर्रा नकोच, आट्यांची रायफल हवी. बंगालमधल्या ईशापूरच्या (आपलं इसापूर नव्हे) कारखान्यात .३१५ स्पोर्टिंग रायफल बनते. तिची गोळी २४४ ग्रेनची, जवळजवळ सोळा ग्रॅम. आणि गोळी सॉफ्ट नोज, म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, जी आत जाऊन उमलते. पूर्ण कवचाची टणक गोळी आरपार जाते, जनावर पळत राहतं आणि गोळी पुढच्या वस्तीकडे. गंमत बघा, कलकत्त्याजवळच्या डमडमला बनलेली अशीच उमलणारी गोळी १८९९ च्या हेग परिषदेत युद्धासाठी निषिद्ध ठरवली, का तर माणसाला फार मोठी जखम होते. डुकराला नेमकी तीच जखम हवी, कारण ते जागच्या जागी पडतं.

"रायफलची गोळी किलोमीटरभर जाते, सपाट रान आहे, माणसं मरतील," हा आक्षेप खरा आहे, म्हणून मचाण. हिशोब करा. उभं राहून दीड मीटर उंचीवरून, चाळीस मीटरवरच्या डुकराच्या पाठीला चाटून गोळी गेली तर ती आणखी चाळीस-पंचेचाळीस मीटर पुढे जमिनीला लागेल, आणि हात किंचित वर गेला तर लागणारच नाही. तीच गोळी चार मीटरच्या मचाणावरून चुकली तर दहा मीटरच्या आत काळ्या मातीत. नववीची त्रिकोणमिती आहे ही. पण मचाण बांधायचं, रायफल आधी कागदावर झाडून मिळवून घ्यायची, रक्ताचा माग काढायला सकाळी माणसं ठेवायची, हे एकट्या शेतकऱ्याचं काम नाही आणि त्याच्या परवान्यात बसतही नाही. हे वनखात्याने करायचं, तालुक्याला चार शिकवलेले नेमबाज पगारावर ठेवून. खडकीला बारा बोअरची काडतुसं बनतात, वरणगावला रायफलच्या गोळ्या. दारूगोळा महाराष्ट्रात बनतो आणि बासष्ट वर्षांचा माणूस हातात बॅटरी आणि पत्र्याचा डबा घेऊन उसाच्या कडेला बसतो.

परवा फोनवर काका म्हणाले, परवानेवाला घरी आला होता, वाईट वाटलं म्हणत होता. जाताना सांगून गेला, पुढच्या वेळी दोन्ही नळ्यांत बीबी भरतो.