मोरीतली प्रयोगशाळा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला बसलो, की तेलाचा एखादा थेंब घंगाळातल्या पाण्यात पडतोच. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो पाण्यावर पसरतो. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्यात फार तर एखादी उपमा सुचायची! पण ब्राउनश्वाइग नावाच्या जर्मन शहरातल्या एका मुलीला अशाच तेलकट पाण्यात सबंध शास्त्र दिसले.

तिचे नाव आग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२ सालचा. शाळेत तिला पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पण मुलींना तेव्हा तिथल्या विद्यापीठांची दारे बंद. त्यातून आईवडील आजारी. तेव्हा पुढे काय झाले असेल, हे वाचकांना मी सांगायला नकोच. प्रपंच तिच्या गळ्यात पडला. भांडी विसळता विसळता ती पाण्याकडे पाहत राहिली. स्वच्छ पाणी एक तऱ्हा करते, खरकटे पाणी दुसरी. असे का?

पाण्याच्या पोटातल्या कणाला चहूबाजूंनी शेजारी असतात आणि ते त्याला सारख्याच जोराने ओढतात. पृष्ठभागावरच्या कणाला वरच्या अंगाला पाण्याचा शेजारच नाही. त्यामुळे त्याची ओढ आतल्या बाजूला. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणून बसवलेल्या पडद्यासारखा वागतो. हाच पृष्ठताण. अळवाच्या पानावरचा थेंब मोत्यासारखा गोल होतो तो ह्यामुळेच. आता हा ताण मोजायचा कसा? बाईंनी बटणाएवढी, सहा मिलिमीटर व्यासाची एक चकती तराजूला टांगली, पाण्याला अलगद टेकवली, आणि ती सुटून वर यायला किती वजन लागते ते पाहिले. वजन जास्त, तर ताण जास्त. खोलीच्या उष्णतेला पाण्याचा ताण सेंटिमीटरला सुमारे ७३ डाइन भरतो, मद्यार्काचा २२ च्या आसपास, तर पाऱ्याचा पाण्याच्या सहापटीहून अधिक.

पण तिची खरी करामत पुढेच आहे. ७० सेंटिमीटर लांब आणि ५ रुंद असे पत्र्याचे एक पन्हळ तिने पाण्याने काठोकाठ भरले आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आखडतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. पाणी स्वच्छ असेल, तर ताण ढळत नाही. किंचित तेलकट असेल, तर पृष्ठभाग एका मर्यादेपर्यंत आखडला तरी काही होत नाही. ती मर्यादा ओलांडली, की ताण एकदम घसरू लागतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा स्निग्धाचा थर तिने असा पट्टीने पकडला!

हे ऐकायला गावात कोणी नव्हते. १८९१ च्या जानेवारीत तिने धीर करून इंग्लंडच्या लॉर्ड रॅले ह्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. ते स्वतः ह्याच विषयात गढलेले. त्या भल्या माणसाने पत्राचे इंग्रजी भाषांतर शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडले आणि मार्चमध्ये ते छापून आले. पुढे अमेरिकेतल्या लँगम्युरने तशाच पन्हळाची सुधारलेली आवृत्ती वापरली आणि पृष्ठभागांच्या रसायनाबद्दल १९३२ साली नोबेल मिळवले. त्याच वर्षी, वयाच्या सत्तरीला, आग्नेसबाईंना त्यांच्या गावच्या तंत्रविद्यालयाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

गेल्या भाऊबिजेला ही हकीकत मी ताईला सांगितली. लहानपणी मोरीत बसून पाण्यावर सुई तरंगवून दाखवणारी आणि मग साबणाचे बोट लावून ती बुडवणारी माझी ताई! बारावीला शास्त्रात वर्गात पहिली आली. त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. कॉलेजात गेलो तो मी. ताई घरी राहिली. दर भाऊबिजेला मी न चुकता तिला साडी घातली.

ताईने सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, “तिला पुस्तकं कोण आणून द्यायचं रे?”

“धाकटा भाऊ,” मी म्हणालो. “फ्रीड्रिश. तो पदार्थविज्ञान शिकत होता ना. तोच ग्रंथ पुरवायचा.”

“असं होय,” ताई म्हणाली, आणि निरांजनाची वात पुढे सारू लागली.

उद्या-परवा पुन्हा भाऊबीज येईल. साडी घेऊन ठेवली आहे. पण तबकात ती घालायला ह्या खेपेस हात धजावत नाही.