बर्फावरची शेगडी

मुलांनो, गोठलेल्या तळ्यावर तंबू ठोकून मासे धरणाऱ्या माणसांचं चित्र परवा वर्गात दाखवलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तंबूत शेगडी पेटवली तर बर्फ वितळून माणूस पाण्यात नाही का पडणार?"

प्रश्न झकास आहे, पण घाबरू नका. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचं भलंमोठं तळं आहे. कडक हिवाळ्यात त्यावर दीड-दोन फूट बर्फ जमतो. नुसतं चालायला चार इंच घट्ट बर्फ लागतो. इथे तर मोटारी फिरतात! लोक मोठ्या गिरमिटानं बर्फाला आरपार भोक पाडतात, त्यात गळ सोडतात आणि वर तंबू किंवा लाकडी खोपटं उभारून तासन् तास बसतात. शेगडीची गरम हवा वर जाते, शिवाय शेगडी फळीवर ठेवतात. थोडं पाणी सुटलं तर सुटलं.

धोका आहे तो हवेत. म्हणून शेगडी निवडताना डोकं चालवावं लागतं.

आधी इंधन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. आत ते द्रवरूप असतं, पण जळण्यासाठी त्याचा वायू व्हायला हवा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो. त्याखाली थंडी गेली की तो आत पाण्यासारखा पडून राहतो. मग ज्योत लागणार कशी? प्रोपेन मात्र उणे ४२ अंशांलाच उकळतो. म्हणून तिकडे प्रोपेनचीच शेगडी घेतात.

मग आकार. तिथे उष्णता बीटीयूमध्ये मोजतात. एक पौंड प्रोपेन जळलं की सुमारे २१,६०० बीटीयू उष्णता मिळते. शेगडी तासाला ९,००० बीटीयू देत असेल, तर एक पौंडाचं नळकांडं किती वेळ पुरेल? आणि ४,००० वर ठेवली तर? वहीत करून बघा. दोघांच्या छोट्या तंबूला बहुधा लहान ज्योत पुरते. मोठी शेगडी म्हणजे चांगली शेगडी, असं मुळीच नाही. ती हवाही जास्त खाते.

हवा खाते म्हणजे काय? जळायला प्राणवायू लागतो. बंद तंबूत तो कमी पडला, की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त ओढीनं त्याला धरून बसतं. मग डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. माणसाला वाटतं, दमलो असेन, जरा पडतो. आणि तो उठतच नाही.

यासाठी प्राणवायू कमी झाला की आपोआप विझणारी आणि कलंडली तरी विझणारी शेगडी घ्यायची. पण तिच्यातला पहारेकरी प्राणवायू मोजतो, विषारी वायू नाही! त्यासाठी वेगळं, बॅटरीवर चालणारं धोक्याची घंटा देणारं यंत्र लागतंच. शिवाय तंबूची एक फट वर, एक खाली उघडी ठेवायची. थंडी येते, येऊ दे. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. फट नसेल तर तंबू आतून ठिबकायला लागतो.

रात्री खोपटात झोपणाऱ्यांनी बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारी, नळीची शेगडी बसवावी. साधी शेगडी झोपण्याआधी बंद.

पालकांसाठी एक ओळ: बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर हेच सगळं करतो, आणि तिथे बर्फही लागत नाही. तुमचा गीझर आत आहे की बाहेर, आज जरूर बघा.

आणि हो, मागच्या बाकावरून दुसराही प्रश्न आला होता. "बाई, मग ते भोक परत गोठत नाही का?" गोठतं तर! दर थोड्या वेळानं झाऱ्यानं बर्फ काढावा लागतो, आई कढईतून भजी काढते ना, अगदी तसा.