पोथी त्यांची, ओवी आपली

आपल्या देवस्थानांच्या सभामंडपांत एक तक्रार अधूनमधून कानी येते. शेजारच्या ख्रिस्ती घरी सांजेची तेर्स आटोपली की घरची माणसे बायबल उघडून एकत्र बसतात, आणि तेही कोकणीत वा मराठीत. आपल्या भाषेच्या आडून चाललेला हा धर्मप्रसार होय, असे सांगणारे आपणांत थोडे नाहीत. हा आक्षेप आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे, आणि तो का अमान्य आहे हे स्पष्ट बोलणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम, त्या बैठकीत चालते काय ते पाहावे. बायबलातील ‘नीतिसूत्रे’ हा ग्रंथ मुलाला केलेल्या उपदेशाच्या रूपाने सुरू होतो, आणि आरंभीच बापाच्या शिकवणीबरोबर आईच्या शिकवणीलाही तोच मान देतो. त्याच्या शेवटच्या अध्यायात लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेला बोध आहे : राजाने मद्याच्या आहारी जाऊ नये, ज्यांना वाचा नाही त्यांच्या बाजूने बोलावे. ‘अनुवाद’ या ग्रंथात, घरी बसता आणि वाटेने चालता मुलांशी धर्माविषयी बोलत राहण्याची आज्ञा आहे. तीमथ्याच्या श्रद्धेचे मूळ पौल त्याच्या आजीत व आईत शोधतो, आणि अन्यत्र बापांनाच बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. हे शहाणपण केवळ पाद्रीच्या व्यासपीठासाठी सांगितलेले नाही. ते घराच्या ओसरीवरचे आहे. वादात आधी बोलणारा खरा वाटतो, पण प्रतिपक्षाने येऊन उलटतपासणी करीपर्यंतच, अशा अर्थाचे एक सूत्र तेथे आहे. आमच्या व्यवसायातील माणसाने ते रोज सकाळी आठवावे. वाटणीवरून दोन भाऊ तट्टू लागले असता एखाद्या घराने असे सूत्र मध्ये ठेवून एकमेकांचे म्हणणे ऐकून घेतले, तर त्यात आपले काय गेले?

“हे आताच का सुरू झाले?” असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्यांच्याच धर्मसंस्थेच्या इतिहासात आहे. कॅथलिक घरांत जपमाळ पिढ्यान् पिढ्या चालत आली. परंतु सामान्य श्रावकाने बायबल स्वतः वाचावे, असा आग्रह पूर्वी नव्हता. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मग्रंथ सर्व भाविकांस खुला असावा, असे सांगितले. ही त्यांची अंतर्गत सुधारणा आहे. तीत आपल्याविरुद्धचा कट शोधणे म्हणजे पुराव्यावाचून आरोपपत्र दाखल करणे होय.

इतिहास विसरा, असे आम्ही म्हणत नाही. कुशस्थळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात अंत्रुज महालात का हलवावी लागली, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन १८१२ पर्यंत टिकले. पण त्याची झळ धर्मांतरित कुटुंबांनाही बसली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. राजसत्तेच्या गुन्ह्याबद्दल तिच्याच रयतेच्या नातवंडांस दोषी ठरविणारा न्याय आम्ही कोणत्याही संहितेत वाचलेला नाही.

आता भाषेविषयी. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीत आहे. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी वाचावयास काही द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची विनवणी ग्रंथाच्या प्रारंभीच येते. धर्म पालटलेल्या घरालाही पोथी आणि ओवी हवी होती! पुढे मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्याची हस्तलिखिते जतन केली, आणि त्यांच्या आधाराने १९०७ साली तो तेथे पुन्हा छापला गेला. याउलट, १६८४ मध्ये व्हाइसरॉय अल्वोरच्या काउंटाने हुकूम काढला की एतद्देशीयांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. घरच्या भाषेत देवाचे नाव निघू नये, ही इच्छा त्या सत्तेची होती. आज शेजाऱ्याच्या मराठी-कोकणी बायबलाविषयी जे कपाळाला आठ्या घालतात, ते नकळत त्याच हुकुमावर सही करीत आहेत. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलाच्या सोप्या मराठी भाषांतरात वेचली, ती साध्या बायाबापड्यांना वाचता यावे म्हणून. त्यांचा धर्म पटो वा न पटो, त्या श्रमाने मराठीची हानी झाली असे कोण म्हणेल?

लाच, धाक वा कपट यांनी कोणी धर्म बदलवीत असेल, तर पुरावा घेऊन त्यास अवश्य विरोध करावा. आम्ही त्यात पुढे राहू. परंतु राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य आपल्या पालखीला जसे लागू आहे, तसे त्यांच्या देवघरापुढच्या चटईलाही आहे. चार भिंतींत बसून आपल्याच मुलांशी बोलणारे कुटुंब कोणाचा धर्म हिरावून घेत नाही.

आक्षेपकांस आमचा एक प्रश्न आहे. आपल्या घरची ज्ञानेश्वरी शेवटची केव्हा सोडली? बहुतेक घरी ती तांबड्या वस्त्रात बांधलेली आहे. वर्षातून एकदा तिला हळदकुंकू लागते. कीर्तन ऐकावयास आपण देवळात जातो, पण तेथे मुलाला मध्येच शंका विचारता येत नाही. वस्तुतः गीता उभी आहे ती अर्जुनाच्या शंकांवर. ज्या घरी धाकट्याने “असे का?” विचारले की “गप्प बैस” हे उत्तर मिळते, त्या घरचा धर्म बुडावयास शेजारच्या पोथीची गरज नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच : शेजाऱ्याच्या ग्रंथावरची नजर काढावी, तुळशीपुढे दिवा लागला की आपली पोथी सोडावी, एक ओवी वाचावी आणि मुलांना विचारू द्यावे.